फ्लोरिनवाले क्षार आणि तीन आयनिक लिक्विड : प्रकल्प नोंदी, पावसाळा २०२४

२४ जून २०२४

प्रकल्पाचं नाव कागदावर भलंमोठं आहे, काम मात्र सुटसुटीत. सुपरकॅपॅसिटरच्या (वीज साठवणारा घटक) इलेक्ट्रोलाइटसाठी तीन आयनिक लिक्विड, म्हणजे खोलीच्या तापमानालाही द्रव असणारे क्षार, बनवायची, शुद्ध करायची आणि त्यांची तुलना करायची. धनायन तिन्हींत एकच: १-ब्युटाइल-३-मिथाइलइमिडॅझोलियम, म्हणजे आमच्या बोलण्यातलं ‘बीएमआयएम’. ऋणायन तीन: टेट्राफ्लोरोबोरेट, हेक्झाफ्लोरोफॉस्फेट आणि तो लांबलचक नावाचा इमाइड. पुढे सगळीकडे बीएफ४, पीएफ६ आणि टीएफएसआय असंच लिहिणार आहे.

तिन्ही लिक्विड तयार मिळतात. सरांनी नको म्हटलं. इलेक्ट्रोलाइटमध्ये ब्रोमाइड किंवा पाण्याचा अंश राहिला की मोजमाप त्या अंशाचंच होतं, आणि तयार बाटलीत तो कुठून आला हे शोधायला मार्ग नसतो.

ऋणायनात फ्लोरिन कशासाठी, हे एमएस्सीच्या पोरांनी विचारलं, म्हणून इथे टिपून ठेवते. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, त्यामुळे ऋण प्रभार एका जागी न राहता सगळ्या आयनावर पसरतो. असा आयन धनायनाला घट्ट बिलगत नाही आणि क्षाराचा स्फटिक रचला जाणं अवघड होतं. बीएमआयएम क्लोराइड ७० अंशांच्या आसपास वितळतं. क्लोराइड काढून टीएफएसआय बसवा, तोच क्षार बर्फाच्या तापमानालाही ओतता येतो. १९९२ साली विल्क्स आणि झावोरोत्को यांनी इमिडॅझोलियम आणि बीएफ४ यांची जोडी हवेत आणि पाण्यात टिकते हे दाखवलं, तेव्हा या विषयाला खरी गती आली. त्याआधीची क्लोरोॲल्युमिनेट लिक्विड ड्राय बॉक्सबाहेर (ओलावा नसलेली बंद पेटी) काढायची सोय नव्हती. आमच्याकडे ड्राय बॉक्स नाहीच.

पद्धत शाळेतलीच, दुहेरी विस्थापन. बीएमआयएमचं ब्रोमाइड किंवा क्लोराइड घ्यायचं, त्यात फ्लोरिनवाल्या ऋणायनाचा धातूक्षार टाकायचा, आयनांची अदलाबदल होते. हवं ते एकीकडे, धातूचं ब्रोमाइड-क्लोराइड दुसरीकडे. आता हे ‘दुसरीकडे’ जाणं होतं की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. म्हणून खरेदीच्या यादीत बीएफ४, पीएफ६, टीएफएसआय एवढंच लिहून भागत नाही. सोबत सोडियम आहे, पोटॅशियम, लिथियम की अमोनियम, हे आधी ठरवायचं. स्थळ बघताना नुसता मुलगा बघून चालत नाही, घरची माणसं बघावी लागतात, तसं.

२८ जून

मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट, रसायनांची दुकानं. कॅटलॉगमधून मागवता येतंच (एसआरएल, लोबा, स्पेक्ट्रोकेम सगळे मुंबईचेच), पण दुकानात गेलं की उद्योगात कोणता क्षार खपतो ते कळतं, आणि जो खपतो तो ताजा आणि स्वस्त मिळतो.

बीएफ४चं बोलणं काढल्याबरोबर शेठनी पोटॅशियमचा क्षार पुढे केला. धातूच्या ओतकामात आणि फ्लक्समध्ये तो जातो, त्यामुळे पोत्यांनी येतो. “मॅडम, हेच घ्या ना. बीएफ४ तर बीएफ४च आहे. भाव तर बघा.” भाव खरंच मोहात पाडणारा होता. पण पोटॅशियम टेट्राफ्लोरोबोरेट १०० मिली पाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. सोडियमचं त्याच पाण्यात १०० ग्रॅमहून जास्त विरघळतं. पोटॅशियमचा क्षार भांड्याच्या तळाशी बसून राहणार आणि आम्ही दिवसभर वाळू ढवळणार. सोडियमचंच सांगितलं.

पीएफ६साठी दुकानात दोन पर्याय पुढे आले. पहिला, हेक्झाफ्लोरोफॉस्फोरिक आम्लाचं ६० टक्के द्रावण. जुन्या कृतींमध्ये हेच सापडतं, कारण आम्ल आणि क्लोराइड एकत्र केलं की लिक्विड लगेच खाली उतरतं. पण या द्रावणात हायड्रोजन फ्लोराइड कायम असतंच, ते काच खातं, आणि काचेची भांडी वापरणाऱ्या लॅबने त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरा, लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट. मोबाइलच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्यांत हाच क्षार असतो, त्यामुळे ‘बॅटरी ग्रेड’ ऐकायला छान वाटतं. मुंबईच्या जूनमध्ये मात्र हा डबा उघडणं म्हणजे आपणच आम्ल तयार करणं. ओलावा लागला की तो तुटायला लागतो. पोटॅशियमचा पीएफ६ हवेत निवांत राहतो. कॅटलॉगमधून तोच मागवायचा.

शेठना विचारलं, ९८ टक्के म्हणजे उरलेले दोन टक्के काय? त्यांनी सीओए (विश्लेषणाचा दाखला) काढून दिला. त्यात क्लोराइड, सल्फेट, लोह. पाणी किती, मोकळं आम्ल किती, याची ओळच नाही. आम्हाला नेमक्या त्या दोनच ओळी हव्या होत्या.

१ जुलै

कोटेशनं गोळा झाली, तुलनात्मक तक्ता केला, कमिटीकडे गेला. लिथियम टीएफएसआय बाकी दोघांच्या कितीतरी पट महाग, शिवाय बाहेरून येणार. क्षरणकारी आणि विषारी घन म्हणून त्याची हवाई वाहतूक धोकादायक मालाच्या नियमांत बसते, म्हणजे कागदपत्रं वाढली. महिना तरी धरून चालावं असं एजन्सीचं म्हणणं.

८ जुलै

पहाटेच्या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. गाड्या बंद, शाळा-कॉलेजं बंद. घरूनच वाचन.

आज फक्त जलापघटनाबद्दल, म्हणजे पाण्यामुळे रेणू तुटण्याबद्दल. स्वॅटलोस्की, हॉलब्रे आणि रॉजर्स यांचा २००३ चा लेख पुन्हा वाचला: बीएमआयएम पीएफ६ पाण्याच्या सोबतीने तुटतं आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतं, हे त्यात स्वच्छ मांडलंय. ‘ग्रीन सॉल्व्हंट’ म्हणून ज्याचे गोडवे गायले गेले त्याच्याच बाटलीत. बीएफ४चीही हीच गत. टीएफएसआयमध्ये फ्लोरिन कार्बनला बांधलेला असतो, तो पाण्याला दाद देत नाही. म्हणजे स्वस्त दोघांवर पहारा ठेवायचा आणि महागड्याला मोकळं सोडायचं.

यातून लॅबसाठी नियम: लिक्विड धुऊन पाण्याचा पीएच सामान्य झाल्याशिवाय ते तापवायचं नाही. आम्ल राहिलेलं असताना रोटावर (व्हॅक्यूममध्ये द्रावक उडवणारं यंत्र) चढवलं तर जलापघटन आणखी वेग घेतं, आणि फ्लास्कची काच आतून धुरकट होते.

लॅबमधल्या काकांना फोन करून फर्स्ट एडच्या कपाटातलं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल तपासायला सांगितलं. मुदत संपलेली निघाली. नवीन २.५ टक्क्यांचं मागवलं. हायड्रोफ्लोरिक आम्लाने (पाण्यातलं हायड्रोजन फ्लोराइड) भाजलेलं अनेकदा सुरुवातीला दुखत नाही, तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून जेल हाताशी आल्याशिवाय पीएफ६चा डबा उघडायचा नाही, हे पोरांना ग्रुपवर लिहून टाकलं.

१२ जुलै

बीएमआयएम ब्रोमाइड तयार केलं. १-मिथाइलइमिडॅझोल आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडवरून, व्हॅक्यूमखाली ऊर्ध्वपातन करून घेतलं. बाटलीतलं पिवळसर होतं, आलं ते पाण्यासारखं. ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळली तर तो पिवळा रंग शेवटच्या लिक्विडपर्यंत सोबत येतो, आणि तिथून तो काढायला कोळसा, सिलिका, सगळं करावं लागतं.

१-ब्रोमोब्युटेन थेंब थेंब टाकलं. अभिक्रिया उष्णता सोडते. घाई केली तर तापमान आवरत नाही आणि रंगही येतो. ८० अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. रात्रभर ढवळलं, सकाळी इथाइल ॲसिटेटने धुतलं, व्हॅक्यूमवर लावलं.

दुपारी पाकासारखा दाट द्रव होता. एका पोराने जुन्या बॅचमधला स्फटिकाचा कण टाकला आणि फ्लास्क हळूहळू पांढरा होत गेला. घट्ट झाल्यावर थोडं स्पॅच्युलावर काढून वजनाला घेतलं. काट्यावरचा आकडा थांबेच ना, एकसारखा वर सरकत होता. कणांच्या कडा आधी चकाकल्या, मग एकमेकांत विरघळल्या, आणि बघता बघता स्पॅच्युलाच्या टोकाशी एक थेंब लोंबायला लागला. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, तरी हवेत पाणी केवढं! आता ब्रोमाइडचं वेगळं वजन करायचंच नाही: फ्लास्क रिकामा असताना तोलून ठेवायचा, आतल्या आत सुकवायचं, आणि पुढची अभिक्रिया त्याच फ्लास्कमध्ये.

१९ जुलै

पोटॅशियमचा पीएफ६ आणि सोडियमचा बीएफ४ आले. बाटल्या उघडून थेट वापरल्या नाहीत.

दोन्हींचं पातळ द्रावण करून पीएच पेपर लावला. पोटॅशियमचा पीएफ६ जवळपास उदासीन. सोडियमचा बीएफ४ आम्लधर्मी निघाला, कारण पाण्यात बीएफ४ थोडा तुटतोच, पण हा जरा जास्तच आम्लधर्मी वाटला. इथे सिल्व्हर नायट्रेटचा काहीही उपयोग नाही, हे पोरांना समजावताना बराच वेळ गेला. क्लोराइड आणि ब्रोमाइडचा साका चांदी दाखवते, पण सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळतं. म्हणजे ज्या अशुद्धीची आपल्याला धास्ती, तिच्यापुढे ही कसोटी आंधळी.

फ्लोराइडचं इलेक्ट्रोड पर्यावरण विभागात आहे, पिण्याच्या पाण्याच्या तपासणीसाठी घेतलेलं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या विहिरींचे नमुने तिथे येतात. लँथेनम फ्लोराइडच्या स्फटिकाचं हे इलेक्ट्रोड मोकळं फ्लोराइड ओळखतं. बोरॉनला किंवा फॉस्फरसला बांधलेलं फ्लोरिन त्याला दिसत नाही. आम्हाला नेमकं हेच हवंय. तिथल्या मॅडमनी शुक्रवारी दुपारची वेळ दिली, एका अटीवर: आमचे नमुने पाण्याच्या मर्यादेत पातळ करूनच आणायचे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, आणि आमच्या नमुन्यात किती असेल त्याचा भरवसा नाही. रास्त अट.

पहिल्या मोजणीत सोडियमच्या बीएफ४मध्ये मोकळं फ्लोराइड ठळक दिसलं, पोटॅशियमच्या पीएफ६मध्ये जेमतेम.

२३ जुलै

पीएफ६ची अदलाबदल. ०.१ मोल: ब्रोमाइड २१.९ ग्रॅम, पोटॅशियमचा पीएफ६ थोडा जास्त, १९.३ ग्रॅम.

पाणी किती घ्यायचं यावर सकाळ गेली. पोटॅशियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट १०० मिली पाण्यात सुमारे ९ ग्रॅम विरघळतं. सगळं विरघळवायचं तर २०० मिलीहून जास्त पाणी लागणार. पण बीएमआयएम पीएफ६ स्वतःही १०० मिली पाण्यात दोनेक ग्रॅम विरघळतं. म्हणजे तेवढ्या पाण्यात अपेक्षित २८.४ ग्रॅममधले चार ग्रॅम पाण्याबरोबर वाया, धुण्यात जाणारं वेगळं. अमोनियमचा क्षार घेतला असता तर पाणी फार कमी लागलं असतं. तो भरपूर विरघळतो. पण तो महाग, आणि अमोनियम असल्याने द्रावण आधीच आम्लाकडे झुकलेलं.

तोडगा: १२० मिली पाणी, पोटॅशियमचा क्षार अर्धवट न विरघळलेला, जोरात ढवळायचं. लिक्विड खाली उतरत जातं तसा वरचा पीएफ६ संपतो आणि तळचा क्षार विरघळत राहतो. तीन तासांत तळाचे कण गेले. सेपरेटिंग फनेलमध्ये ओतल्यावर खालचा थर जड, काकवीपेक्षा पातळ, आणि स्वच्छ. घनता १.३७ असल्यामुळे थर वेगळे व्हायला वेळ लागला नाही.

पोटॅशियम ब्रोमाइड वरच्या पाण्यात गेलं. धुण्याचं पाणी दर वेळी २० मिली, थंड. प्रत्येक धुणीतल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. आधी दह्यासारखा पिवळट साका, मग नुसता धूसरपणा, मग काही नाही. वरच्या पाण्यातलं विरघळलेलं लिक्विड डायक्लोरोमिथेनने थोडं परत मिळवलं.

२५ जुलै

पुन्हा धुवांधार. रोटाला पाणी पुरवणारा पंप आणि वीज दोन्ही रुसले. काम नाही.

३० जुलै

पीएफ६ सुकवणं. आधी धुणीच्या पाण्याचा पीएच, मग इलेक्ट्रोड, दोन्ही ठीक आल्यावरच व्हॅक्यूम. ६० अंश, ढवळत, रात्रभर. पाण्यात न मिसळणारं लिक्विड म्हणजे कोरडं लिक्विड, असा एक समज पोरांमध्ये दिसतो. पाण्याशी लागून राहिलेल्या बीएमआयएम पीएफ६मध्ये टक्का-दोन टक्के पाणी सहज असतं. कार्ल फिशरवर (पाण्याचा अंश मोजण्याची पद्धत) सुकवण्याआधीचा आकडा बघितला तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

सुकल्यावर पुन्हा इलेक्ट्रोड. फ्लोराइड वाढलेलं नाही. फ्लास्कची काच लख्ख.

साठवण काचेत करायची नाही. फ्लोरिनेटेड प्लास्टिक नव्हतं, पॉलिप्रॉपिलिनच्या बाटलीत भरून डेसिकेटरमध्ये ठेवलं.

६ ऑगस्ट

बीएफ४. तिघांत सर्वांत वेळखाऊ हेच, आणि बहुतेक लेखांत याला दोन ओळी मिळतात.

अडचण सोपी आहे. बीएमआयएम बीएफ४ खोलीच्या तापमानाला पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. थर पडतच नाही, मग सेपरेटिंग फनेल काय कामाचं? पीएफ६ला जे पाणी धुऊन काढत होतं, तेच पाणी इथे माल घेऊन जाणार. तेव्हा अदलाबदल पाण्याबाहेर करायची आणि टाकाऊ क्षार साका म्हणून गाळायचा. त्यासाठी टाकाऊ क्षार असा हवा की द्रावकात विरघळणार नाही. ॲसिटोनमध्ये सोडियम क्लोराइड जवळपास विरघळत नाही. सोडियम ब्रोमाइड थोडं तरी विरघळतं. लिथियमची क्लोराइड-ब्रोमाइड तर त्याहून कितीतरी जास्त विरघळतात. म्हणून इथे ब्रोमाइड बाजूला ठेवून बीएमआयएम क्लोराइड घेतलं. क्लोरोब्युटेन सुस्त असल्यामुळे ते बनवायला दिवसचे दिवस जातात. विकत आणून पुन्हा स्फटिकीकरण केलं.

आणि म्हणूनच लिथियमचा बीएफ४ स्वस्त मिळाला असता तरी घेतला नसता. चुकीचा धातू एकदा लिक्विडमध्ये विरघळला की त्याला बाहेर काढायला दुसरं काही उरत नाही.

क्लोराइड १७.५ ग्रॅम, सोडियमचा बीएफ४ ११ ग्रॅमच्या थोडा वर. बीएफ४ आधी पुन्हा स्फटिक करून, सुकवून घेतला होता. मोकळं फ्लोराइड निम्म्याहून कमी झालं होतं. ॲसिटोन मॉलिक्युलर सीव्हवरचं (पाणी शोषणाऱ्या गोळ्यांवर ठेवून कोरडं केलेलं). ॲसिटोनमध्ये ओलावा राहिला तर सोडियम क्लोराइडही विरघळायला लागतं आणि सगळा बेत ढासळतो. फ्लास्कमध्ये पांढरा गाळ सुरुवातीला आणि शेवटीही. डोळ्यांना फरक दिसत नाही. आधी तो बीएफ४चा असतो, नंतर मिठाचा. पूर्ण झालं हे कळायला थोडा नमुना गाळून चांदीची कसोटी लावायची. एका रात्रीत भागलं नाही.

सेलाइटमधून (बारीक गाळणपूड) गाळलं, ॲसिटोन काढलं, डायक्लोरोमिथेनमध्ये घेऊन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी तळाशी पुन्हा मिठाची बारीक कणी. ती गाळली. मग डायक्लोरोमिथेनचं द्रावण बर्फाच्या पाण्याच्या अगदी छोट्या घोटांनी धुतलं. दर घोटाला थोडा माल जातो, पण क्लोराइड जातं. कुठे थांबायचं हा हिशेबाचा प्रश्न आहे. सरांचं म्हणणं, इलेक्ट्रोलाइटला क्लोराइड परवडत नाही, माल गेलेला परवडतो. शेवटी दोन तृतीयांशाहून थोडं जास्त हाती आलं.

सेडन, स्टार्क आणि टोरेस यांनी २००० मध्ये दाखवलं होतं की क्लोराइडमुळे लिक्विडचा चिकटपणा वाढतो आणि पाण्यामुळे कमी होतो. म्हणजे दोन्ही अशुद्धी एकत्र असतील तर आकडा बरोबर वाटू शकतो! चिकटपणावरून शुद्धता ठरवायची नाही, हे वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलंय.

१४ ऑगस्ट

लिथियम टीएफएसआय आलं. एजन्सीने कळवलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर, आणि बाहेरच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी गुलाबी झालेली. बाटलीचं सील मात्र शाबूत होतं. पुड्या बदलून, फोटो काढून, चलनावर शेरा मारून घेतलं. काका म्हणाले, “ताई, शेरा मारलात ते बरं केलंत, उद्या बोलायला जागा राहते.”

हा क्षार हवेतलं पाणी ओढतो, पण त्या पाण्याने तुटत नाही. त्यामुळे ओला असला तरी चालतो, फक्त वजनात पाणी मोजलं जातं. कार्ल फिशर करून वजन दुरुस्त केलं.

काम इतकं सरळ झालं की नोंदीत लिहायला फारसं नाही. ब्रोमाइड ४३.८ ग्रॅम पाण्यात, लिथियमचा क्षार ५८ ग्रॅमच्या वर पाण्यात, एकमेकांत ओतले. दुधासारखं झालं, मग थेंब एकत्र येऊन तळाशी स्वच्छ थर. लिथियम ब्रोमाइड पाण्यात इतकं विरघळतं की मागे राहायचं नावच घेत नाही. लिथियम इथे सोयीचा, बीएफ४ला गैरसोयीचा. धुणं, सुकवणं ८० अंशांना निर्धास्त. नव्वद टक्क्यांच्या वर माल, आणि ओतताना लक्षात येतं की पीएफ६च्या मानाने हे किती पातळ आहे: २५ अंशांना पीएफ६चा चिकटपणा अडीचशे मिलिपास्कल-सेकंदांच्या वर, याचा पन्नासच्या आसपास.

२२ ऑगस्ट

पवईला फ्लोरिन एनएमआर (फ्लोरिन कशाला बांधलेलं आहे ते आलेखातल्या रेषांवरून दाखवणारी तपासणी). पीएफ६ उणे ७२ पीपीएमजवळ, फॉस्फरसमुळे दुभंगलेलं, दोन रेषांत सुमारे ७१० हर्ट्झ. जलापघटन झालं असतं तर उणे ८३च्या जवळ, जास्त रुंद अंतराची दुसरी जोडी दिसली असती, ती नाही. टीएफएसआय उणे ७९-८०ला एकच रेष. बीएफ४ उणे १५०च्या आसपास, पण बारकाईने बघितलं तर खेटून दोन शिखरं, लहान आणि मोठं, साधारण एकास चार. एक पोरगा घाबरला, अशुद्धी म्हणाला. ते बोरॉनचे दोन समस्थानिक. निसर्गात बोरॉन-१० सुमारे २० टक्के आणि बोरॉन-११ सुमारे ८०, तेच प्रमाण इथे उमटतं. बीएफ४ खरा असल्याची ही फुकटची पावती.

ब्रोमाइड, क्लोराइड, पाणी यातलं काहीही या आलेखात दिसत नाही. सुंदर आलेख बघून सगळ्यांना विसर पडतो.

२ सप्टेंबर

आयन क्रोमॅटोग्राफी (आयन वेगळे करून मोजण्याची पद्धत) बाहेरून करून घेतली. टीएफएसआय सगळ्यांत स्वच्छ, पीएफ६ त्याच्या मागे, बीएफ४मध्ये क्लोराइड सर्वांत जास्त, तरी कामापुरतं कमी. अपेक्षेप्रमाणेच.

धुणीचं पाणी गेला दीड महिना ड्रममध्ये साठवतोय. चुना टाकून फ्लोराइड खाली बसवू, अशी सूचना आली. चुना मोकळं फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड म्हणून बसवतो, म्हणजे ज्या खनिजापासून हे सगळं सुरू होतं त्या फ्लोरस्पारच्या रूपात. पण बीएफ४ आणि पीएफ६ आपलं फ्लोरिन इतक्या सहज सोडत नाहीत. चुना टाकल्यावरही ते पाण्यातच राहतात. टीएफएसआय तर कशालाच दाद देत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पूर्ण फ्लोरिनचा कार्बन आहे, त्यामुळे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येप्रमाणे तो पीएफएएसमध्ये, म्हणजे निसर्गात न तुटणाऱ्या फ्लोरिनवाल्या रसायनांत मोडतो. युरोपात पाच देशांनी २०२३ च्या जानेवारीत पीएफएएसवर सरसकट निर्बंधांचा प्रस्ताव दिला आहे. त्याचं जे होईल ते होवो, त्या लिक्विडचं पाणी आम्ही आत्तापासून वेगळ्या ड्रममध्ये ठेवतो, लेबल लावून. सगळे ड्रम तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जाणार.

इथे सरांशी थोडा वाद झाला. त्यांना पुढच्या टप्प्यात फक्त टीएफएसआय न्यायचं आहे: बनवायला सोपं, शुद्ध, पातळ. माझं म्हणणं, एवढा महाग आणि निसर्गात न तुटणारा आयन कॅपॅसिटरमध्ये भरायचा तर बीएफ४ची मेहनत आधी पूर्ण फळाला आली नाही असं सिद्ध व्हायला हवं. डायसायनामाइडसारखा फ्लोरिन नसलेला ऋणायनही तुलनेला घ्यावा, असं मी मांडलं. सर म्हणाले, “अगं, प्रस्तावात तीनच लिहिलेत.” चौथा आमच्या खर्चाने, लहान प्रमाणात करायला परवानगी मिळाली.

१२ सप्टेंबर

गणपतीत निम्मी लॅब गावाला. पुढची ऑर्डर काढून ठेवली:

सोडियम टेट्राफ्लोरोबोरेट, मागच्याच लॉटचं असेल तर बरं. पाणी आणि मोकळ्या फ्लोराइडचे आकडे सीओएवर नसतील तर १० ग्रॅमचा नमुना आधी. पोटॅशियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट तूर्त नको, डब्यात पुरेसं आहे. लिथियम टीएफएसआय ५० ग्रॅम, दोन छोट्या बाटल्यांत, एक न उघडता राहील अशी. सोडियम डायसायनामाइड २५ ग्रॅम, आणि त्याच्यासोबत कोणता टाकाऊ क्षार कुठे जातो याचा हिशेब ऑर्डरच्या आधी करून ठेवायचा. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या नव्या ट्यूबवरची मुदत कपाटाच्या दारावर लिहून लावली.